पाचूबंदर ते आगाशी : ‘सुवार्ता’ आणि तिचे संपादक फ्रान्सिस दिब्रिटो

उल्हास नदीचे पाणी ज्या खाडीवाटे समुद्रास मिळते, त्या खाडीच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला आहे. किल्ल्याच्या तटाला लागून पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. किनाऱ्याला लागलेल्या होड्या, सुकत घातलेली डोल जाळी, वाळणारे बोंबील आणि पाठीमागे छपरे हरवलेल्या पोर्तुगीज चर्चांच्या भिंती, असे तिचे दर्शन घडते. येथून उत्तरेस आगाशी-अर्नाळ्यापर्यंत जो किनारपट्टा पसरला आहे, त्यात कोळ्यांच्या खालोखाल वाडवळांच्या आणि सामवेदींच्या बागायती आहेत. केळी, पानवेल, फुले व भाजीपाला ही येथील पिके. आगाशीची सुकेळी तर महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. ह्या पट्ट्यातील ख्रिस्ती समाज साडेचारशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती आहे, आणि तितकाच काळ तो घरात मराठीची कोणती ना कोणती बोली बोलत आला आहे. कोळ्यांची बोली निराळी, वाडवळांची निराळी, सामवेदी ख्रिस्त्यांची कादोडी निराळी. ह्या सर्वांना लेखी भाषा म्हणून एकच मराठी आहे. अशा समाजाचे नियतकालिक ज्याच्या हाती येते, त्याला प्रथम हे ठरवावे लागते की आपण कोणाशी बोलत आहोत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी १९८३ ते २००७ ह्या चोवीस वर्षांत ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादकपदावरून ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दिब्रिटो हे धर्मगुरू, ग्रंथकार, आंदोलक आणि साहित्य संमेलनाध्यक्ष म्हणून परिचित आहेत. परंतु ह्या चारही भूमिकांच्या मुळाशी त्यांचे पत्रकारपण होते, आणि ते बाजूस ठेवल्यास उरलेल्या भूमिकांचा एकमेकींशी मेळ बसत नाही, असे दिसून येते.

वसईतील मराठीचा प्रश्न नीट समजण्यास थोडे मागे जावे लागते. १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याने वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. ह्या दोनशे वर्षांत येथे जे धर्मांतर झाले, त्याने जातींचे व्यवसाय, शेतीची पद्धत आणि लग्नातील गाणी पुष्कळशी तशीच ठेवली. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ मध्ये संतपदी चढविला गेलेला गोन्सालो गार्सिया हा वसईचाच. गोव्यात राशोल येथे १६१६ मध्ये मुद्रित झालेल्या थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ने मराठी ओवीला ख्रिस्तकथा सांगावयास लाविले होते. पुढे तो प्रवाह क्षीण झाला, आणि एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे नेतृत्व प्रॉटेस्टंट मिशनांकडे गेले. १८४२ मध्ये अहमदनगरास निघालेले ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही त्या परंपरेची ठळक नावे होत. कॅथलिकांच्या बाजूने १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मासिक सुरू झाले. ह्या साऱ्या हालचालीत वसई बराच काळ श्रोत्याच्या जागीच राहिली. येथील उपासना लॅटिनमध्ये होई, आणि प्रवचन, प्रार्थना व शाळा मराठीत असत.

ह्या स्थितीत पालट झाला तो १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. परिषदेने उपासनेत लोकभाषेस मुभा दिली, आणि अन्य धर्मांशी संवाद हे चर्चचे कर्तव्य ठरविले. खाडीपलीकडच्या साष्टीत व मुंबईत ज्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती वस्त्या होत्या, त्या तोवर शिक्षणाने इंग्रजीकडे वळल्या होत्या. त्यामुळे लोकभाषा कोणती, असा प्रश्न तेथे पडू शकला. वसईत तो पडला नाही. येथील पॅरिशच्या शाळा मराठी माध्यमाच्या होत्या, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना समजेल अशी लेखी भाषा एकच होती. दिब्रिटो हे ह्या पालटाच्या ऐन काळात घडलेले धर्मगुरू होत. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी विरारनजीकच्या नंदाखाल गावी शेतकरी वातावरणात त्यांचा जन्म झाला. तेथील मराठी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. समाजशास्त्रात बी. ए. आणि धर्मशास्त्रात एम. ए. ह्या पदव्या त्यांनी मिळविल्या, आणि १९७२ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. समाजशास्त्र आधी आणि धर्मशास्त्र मागाहून हा क्रम त्यांच्या लेखनास शेवटपर्यंत चिकटलेला आढळतो. आधी गावाकडे पाहावयाचे आणि मग ग्रंथाकडे वळावयाचे, अशी त्यांच्या लेखांची चाल आहे.

१९७२ हे वर्ष आणखी एका कारणाने येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पु. ल. देशपांडे ह्यांच्यासारखा मराठी लेखक दिल्लीतील दूरदर्शनच्या आरंभकाळात निर्माता म्हणून काम करून आलेला होता. मुंबई केंद्राबरोबर हे माध्यम मराठी घरांत प्रत्यक्ष शिरले. समोरासमोर बसवून माणसाला बोलते करावयाचे आणि ते बोलणे हजारो घरांत पोचवावयाचे, हा प्रकार तेव्हा नवा होता. तबस्सुम ह्यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा कलावंतांशी गप्पांचा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. ह्या तबस्सुम ‘गृहलक्ष्मी’ ह्या हिंदी मासिकाच्याही अनेक वर्षे संपादक होत्या. मुलाखत घेणारा तोच संपादक, ही जोडभूमिका भारतीय दूरचित्रवाणीच्या पहिल्याच पिढीत अशी दिसून येते. पुढे मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या २००७ मध्ये निघाल्या, आणि वृत्तपत्राच्या संपादकाने रोज रात्री पडद्यावर येऊन चर्चा चालविणे ही नित्याची गोष्ट झाली. दिब्रिटोंनी ‘सुवार्ते’चे संपादकपद सोडले ते नेमके त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु कालगणनेस सोयीचा आहे. वसईच्या कोळीवाड्यांत आणि बागायतींत दूरदर्शन संच येऊ लागल्यापासून वृत्तवाहिन्यांचा काळ सुरू होईपर्यंत, त्या भागातील सार्वजनिक प्रश्न विचारणारा स्थानिक माणूस पडद्यावर नव्हता. मुंबईच्या पडद्यावर वसई क्वचितच येई. प्रश्न विचारणे, समोरच्यास बोलते करणे आणि ते बोलणे घरोघर पोचविणे हे काम येथे एका मासिकाच्या संपादकाने केले.

‘सुवार्ता’ म्हणजे शुभवर्तमान. नावावरून हे पत्र कोणाचे व कशासाठी, ह्याविषयी संदेह राहात नाही. धर्मोपदेश, संतचरित्रे आणि पॅरिशच्या बातम्या ही अशा पत्रांची नेहमीची सामग्री असते, आणि ती ‘सुवार्ते’तही होती. दिब्रिटोंनी ती काढून टाकली नाही; तिच्याशेजारी दुसरे काही आणून ठेवले. शेती, पाणी, स्त्रियांचे स्थान, अंधश्रद्धा, धर्माधर्मांतील संवाद आणि नवे मराठी साहित्य हे विषय हळूहळू पत्राच्या पानांत शिरले. ख्रिस्ती नसलेल्या लेखकांस येथे जागा मिळू लागली, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ख्रिस्ती लेखकांस आपण मराठी लेखक आहोत ह्याची जाणीव झाली. सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन ह्या वसईच्या लेखकांनी मराठी साहित्यात आपापली जागा ज्या काळात मिळविली, तो काळ आणि हा काळ एकच आहे. त्यांच्या यशाचे श्रेय एका मासिकास देणे अर्थातच अन्यायाचे होईल. तथापि लेखक घडावयास वाचक लागतो, आणि घरात नियमाने येणारे मराठी मासिक असल्यावाचून तो वाचक घडत नाही. दिवाळी अंकांच्या धर्तीवर नाताळ अंक काढण्याची जी चाल वसईत रुजली आहे, तीही ह्याच वाचकवर्गाची साक्ष होय.

दिब्रिटोंची संपादकीय भाषा हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. मिशनरी मराठी म्हणून जिची पूर्वी थट्टा होई, त्या भाषेचा वाराही त्यांच्या लेखनास लागलेला नाही. वाक्ये आटोपशीर, शब्द शेतातले व बाजारातले, आणि दृष्टांत शक्यतो वारकरी संतांचे किंवा बायबलमधील. ज्ञानोबा-तुकोबांचा उल्लेख ते पाहुण्याप्रमाणे करीत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांप्रमाणे करतात. ह्यात ते एकटे नव्हते. वसईचेच थॉमस डाबरे ह्यांनी तुकारामाच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा तेच तेथील पहिले बिशप झाले. म्हणजे संतसाहित्याकडे वळणे ही एका संपादकाची लहर नव्हती, परिषदेनंतरच्या वसईतील एका पिढीची ती प्रवृत्ती होती. दिब्रिटोंनी तिला मासिकाच्या वाचकापर्यंत आणले. विद्वानाच्या प्रबंधातील तुकाराम आणि पाचूबंदरच्या घरात पोचलेला तुकाराम ह्यांत अंतर असते. ते पार करणे हे पत्रकाराचेच काम आहे.

ह्या संपादकपणाची खरी कसोटी मात्र साहित्यात लागली नाही, पाण्यावर लागली.

वसईची बागायत विहिरींवर उभी आहे. पूर्वी बैलांचे रहाट होते, मागाहून इंजिने व मोटारी आल्या. परंतु पाणी तेच, जमिनीखालचे, पावसाळ्यात मुरलेले. त्याच्या जोडीला बावखले होती. बावखल म्हणजे गावातील खोलगट तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, आणि आसपासच्या विहिरींना ते जिवंत ठेवी. किनाऱ्यालगतच्या भूमीत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्याच्या वर, वजनाने हलके म्हणून, तरंगत असते. भूजलशास्त्राचा एक साधा हिशेब असा आहे की, समुद्रसपाटीपासून मोजलेली गोड्या पाण्याची उंची एक मीटरने उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर येऊ पाहते. प्रत्यक्षात दर ठिकाणची भूमी हा हिशेब थोडाफार बदलते. तथापि शेतकऱ्याला सूत्र ठाऊक नसले तरी परिणाम ठाऊक असतो. विहीर मचूळ होते, पानवेल पिवळी पडते आणि पुढल्या वर्षी वाडी विकावयास निघते.

विरार, नालासोपारा व वसई रोड ह्या रेल्वे स्थानकांभोवती १९८० च्या दशकात इमारतींची दाटी झाली. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार येथे आला. त्यास दोष देता येणार नाही. परंतु त्याच्या इमारतीस नळ नव्हता. मग पश्चिमेकडील गावांतल्या विहिरींवर पंप बसले, आणि टँकर भरभरून पाणी इमारतींकडे जाऊ लागले. ज्याची विहीर त्याचे पाणी, असा व्यवहार वरवर सरळ दिसतो. वस्तुतः जमिनीखाली विहिरींच्या हद्दी नसतात. एकाने विकलेले पाणी शेजाऱ्याच्या वाडीतून निघालेले असते. ह्या व्यापारात पैसा मोठा होता आणि पैशापाठोपाठ दहशतही आली. त्या काळच्या वसईत उघड बोलणारी माणसे थोडी होती. ह्याच सुमारास खाड्यांतील रेतीउपसा, भातशेतीच्या जमिनीवरील भराव आणि पाणथळ जागांचा नाश हे प्रश्नही पुढे आले. शासनाने वसई-विरार परिसराच्या नियोजनाचा अधिकार १९९० मध्ये सिडकोकडे सोपविला, तेव्हा हिरव्या पट्ट्याचे भवितव्य काय, ह्याविषयी गावकऱ्यांच्या मनात जी धास्ती होती ती आणखी वाढली.

दिब्रिटोंच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसई संरक्षण समिती ही ह्या परिस्थितीची निर्मिती होय. तिचे मोर्चे, सभा आणि धरणी ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पत्रकारितेच्या अभ्यासकाने पाहावयाची गोष्ट निराळी आहे. मोर्चा एक दिवसाचा असतो; मासिक दर महिन्यास येते. विहिरीचे पाणी कसे खारे होते, टँकरमागे कोणता व्यवहार आहे, विकास आराखड्यातील रंगांचा अर्थ काय, हरकत कोठे व कोणत्या मुदतीत नोंदवावयाची, हे ज्याने वाचले आहे तो मनुष्य सभेस निराळ्या तयारीने येतो. ही तयारी करून देणे हे संपादकाचे काम होते. धर्मगुरूचे व्यासपीठ रविवारचे आणि एका धर्माचे. संपादकाच्या व्यासपीठास तशी मर्यादा नव्हती, म्हणून समितीत हिंदू शेतकरी, कोळी, शिक्षक, वकील अशी नाना प्रकारची माणसे आली. वसईतील पाण्याच्या लढ्याला एका धर्माचा लढा म्हणून बाजूस सारणे विरोधकांस जमले नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

दिब्रिटोंना ह्या काळात धमक्या आल्या. त्यांनी त्यांचे भांडवल केले नाही. त्यांच्यावर आक्षेपही घेण्यात आला, आणि तो केवळ विरोधकांनीच घेतला असे नाही. धर्मगुरूने आत्म्याची काळजी वाहावी, त्याचा टँकरशी काय संबंध, असा हा आक्षेप होता. ह्या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ज्याच्या मागे एका संस्थेचे बळ आहे त्याने राजकारणाच्या कडेवर उभे राहणे हे नेहमीच जोखमीचे असते. दिब्रिटोंनी निवडणुकीपासून स्वतःला दूर ठेवले, आणि ह्या जोखमीचे उत्तर आपल्या वागणुकीने दिले. मासिक पक्षाचे मुखपत्र झाले नाही. ते झाले असते तर गावकऱ्यांत दोन तट पडून पाण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला असता.

ह्या लढ्याचे फलित मोजावयाचे तर हिशेब संमिश्र निघतो. इमारती थांबल्या नाहीत. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. गावे वगळावीत म्हणून जे आंदोलन झाले त्याला दिब्रिटोंचा पाठिंबा होता. शासनाने २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचे ठरविले. मग प्रकरण न्यायालयात गेले. हे एका बाजूस. दुसऱ्या बाजूस, पश्चिमेकडील गावांत आजही वाड्या आहेत, केळी आहेत, काही बावखले शिल्लक आहेत, आणि बावखल बुजविले जात असेल तर गावकरी तक्रार करतात. नालासोपाऱ्याच्या रेल्वे पुलावरून पश्चिमेकडे गेलेल्या कोणासही हा फरक दिसतो. तो कोणा एकाचे कर्तृत्व नव्हे. परंतु ह्या पट्ट्यात बागेची जमीन विकणे ही केवळ खाजगी बाब राहिली नाही, ह्याचे श्रेय चोवीस वर्षांच्या लेखनास द्यावे लागते.

संपादक म्हणून काम करीत असताना व त्यानंतर दिब्रिटोंचे ग्रंथलेखन चालू होते. ‘तेजाची पाऊले’, ‘सृजनाचा मोहोर’, ‘ओॲसिसच्या शोधात’, इस्रायल व पॅलेस्टाइन ह्यांच्या इतिहासाचा मागोवा घेणारे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन ही त्यांची परिचित पुस्तके. त्यांतही पत्रकाराचा हात ओळखू येतो: ठिकाण पाहिलेले असते, माणसे भेटलेली असतात, आणि वाचकास काही ठाऊक नाही असे धरून विषय मांडलेला असतो. परंतु त्यांचे सर्वांत दीर्घ परिश्रमाचे काम म्हणजे ‘सुबोध बायबल’. त्यातील नव्या करारास अनुवादाचा साहित्य अकादमीचा २०१३ चा पुरस्कार मिळाला. मराठीत बायबलची भाषांतरे नवी नाहीत. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांच्या प्रयत्नाने नवा करार १८११ मध्ये मराठीत आला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल भाषांतरिले, आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये मुद्रित झाले. रमाबाईंचा आग्रह मूळ शब्दाशी इमान राखण्याचा होता. दिब्रिटोंचा आग्रह नावातच आहे. चोवीस वर्षे ज्याने कोळी आणि बागाइतदार वाचकासाठी लिहिले, त्याच्या कानात वाचकाचा आवाज सतत असतो. ‘सुबोध’ हे विशेषण विद्वानास किरकोळ वाटेल. संपादकास ते सर्वांत कठीण जाते.

ह्या कारकिर्दीतील अखेरचा सार्वजनिक प्रसंग वसईपासून दूर, मराठवाड्यात घडला. उस्मानाबाद येथे १० ते १२ जानेवारी २०२० ह्या काळात भरावयाच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी सप्टेंबर २०१९ मध्ये दिब्रिटोंची एकमताने निवड झाली. मतदानाने अध्यक्ष निवडण्याची जुनी रीत महामंडळाने सोडली होती, आणि नव्या रीतीने त्याआधी यवतमाळला अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या होत्या. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास आरंभ झालेल्या ह्या परंपरेत ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्षस्थानी बसण्याची ही पहिलीच वेळ होती. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला. आयोजकांस धमकीचे दूरध्वनी आले, उद्घाटक ना. धों. महानोर ह्यांनाही संमेलनास न जाण्याविषयी कळविण्यात आले. आक्षेप दिब्रिटोंच्या पुस्तकांवर नव्हता. ती पुस्तके वाचून आक्षेप घेणारे फारसे कोणी पुढे आले नाही. आक्षेप होता तो त्यांच्या धर्मपदावर.

येथे वर उल्लेखिलेल्या दूरचित्रवाणीकडे पुन्हा वळावे लागते. हा वाद वृत्तवाहिन्यांवर रंगला. तेथे तो एका संध्याकाळचा विषय होता, आणि त्याची मांडणी बाजू आणि प्रतिबाजू अशी ठरलेली होती. दिब्रिटोंचे आयुष्य गेले ते महिन्याच्या सवडीने उत्तर देण्यात. प्रश्न आला की त्याची पार्श्वभूमी सांगावयाची, आक्षेपकाचे म्हणणे त्याच्याहून नीट मांडावयाचे, आणि मग आपले म्हणणे, अशी मासिकाची रीत. वाहिनीच्या चर्चेत तिला जागा नसते. दिब्रिटोंनी आपली रीत बदलली नाही. आपण मराठी लेखक म्हणून येत आहोत, आणि मराठी ही आपली मातृभाषा आहे, ही भूमिका त्यांनी आवाज न चढविता पुन्हा पुन्हा मांडली. महानोर संमेलनास आले. पाठीच्या व्याधीने दिब्रिटो त्या वेळी अत्यंत त्रस्त होते. तरीही ते बंदोबस्तात उस्मानाबादेस पोचले आणि त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. मराठी शाळांची स्थिती, धर्माच्या नावाने चालणारी हिंसा आणि लेखकाने गप्प न राहण्याचे कर्तव्य हे त्यांच्या बोलण्याचे विषय होते. संत गोरोबाकाकांच्या त्या जिल्ह्यात श्रोत्यांनी त्यांना ऐकून घेतले. ज्या गोंधळाची भीती घालण्यात आली होती तो झाला नाही.

मराठी शाळांचा विषय त्यांनी तेथे काढला ह्याचे मूळ वसईत होते. ज्या मराठी माध्यमाच्या शाळांनी हा वाचकवर्ग घडविला, त्याच शाळांतून मागील दोन-तीन दशकांत मुले इंग्रजी माध्यमाकडे गेली. नंदाखाल असो की पाचूबंदर, घरातील आजी मराठी अंक वाचते आणि नात तो वाचू शकत नाही, असे दृश्य विरळ राहिलेले नाही. खाडीपलीकडच्या साष्टीत जे एका शतकापूर्वी घडले ते वसईत आता घडू लागले आहे. विहिरीचे पाणी वाचविणाऱ्या चळवळीला मोर्चा काढता येतो; भाषा ज्या वेगाने घरातून निघून जाते त्यावर मोर्चा निघत नाही. दिब्रिटोंना ह्याची जाणीव होती, आणि उत्तरायुष्यातील त्यांच्या लेखांत हा विषय वारंवार येतो.

वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, दीर्घ आजारानंतर, २५ जुलै २०२४ रोजी वसईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्याजवळील जेट्टीवरून भाईंदरला वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली होती. निधनानंतर महिन्याभराने, ३० ऑगस्ट रोजी, पालघर येथे वाढवण बंदराची कोनशिला बसली. मासेमारीची क्षेत्रे जातील म्हणून ह्या बंदराला किनाऱ्यावरील कोळी समाजाचा विरोध आहे. १९८३ ते २००७ ह्या काळातील ‘सुवार्ते’च्या बांधीव अंकांत पाणी, रेती, आराखडे आणि हरकती ह्यांविषयीची जी सामग्री साठली आहे, तिचे वर्गीकरण करून सूची तयार करण्याचे काम वसईच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी हाती घ्यावयास हवे. त्यात केवळ अग्रलेखांचीच नव्हे, तर वाचकांच्या पत्रांचीही नोंद व्हावी. गावांची नावे त्या पत्रांच्या शेवटी सापडतात.